गणेशोत्सवातली गर्दी, चोऱ्या आणि पोलीस बंदोबस्त : मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रावण संपत आला की दरवर्षी तेच प्रश्न येऊ लागतात. मंडळातली पोरं विचारतात, चाळीतल्या काकू विचारतात, गावाहून पहिल्यांदाच लालबाग बघायला आलेले पाहुणे विचारतात. मी परळच्या एका छोट्या मंडळाचा स्वयंसेवक. मिरवणुकीचा दोर धरून रात्री काढल्या आहेत आणि पोलीस ठाण्याच्या बाकावर रात्री दोनला कुणाच्या तरी शेजारी बसून तक्रारीही लिहून दिल्या आहेत. त्यातून जमलेले हे प्रश्न. बहुतेक गणपतीचे आहेत, पण दहीहंडी, नवरात्र, माउंट मेरीची जत्रा किंवा माहीमचा उरूस इथेही बरंचसं लागू पडतं. कायद्याचे उल्लेख १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता यांचे आहेत.

१. बंदोबस्त म्हणतात तो नेमका कोणाचा असतो? रस्त्यावर दिसतात ते सगळे पोलीसच का?

नाही. मुंबई पोलिसांबरोबर राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकड्या, होमगार्ड, शीघ्र कृती दल, बॉम्बशोधक पथक आणि वाहतूक पोलीस असतात. चौपाटीवरचे जीवरक्षक, तराफे, दिव्यांचे खांब ही महापालिकेची बाजू. दोर धरून चालणारी मुलं मंडळाची. अनंत चतुर्दशीला एकट्या मुंबईत २० हजारांहून जास्त पोलीस रस्त्यावर असतात.

खाकीतला पोलीस वाट मोकळी ठेवण्यासाठी आणि लोकांना मदतीला सापडावा म्हणून उभा असतो. चोर पकडण्याचं काम बरंचसं साध्या वेशातले पोलीस करतात. ते तुमच्या बाजूला झब्बा घालून 'मोरया' म्हणत उभे असतील आणि तुम्हाला कळणारही नाही. त्यामुळे "तिथे पोलीसच नव्हता" असं म्हणण्याआधी थांबा आणि मोठ्याने हाक मारा.

२. सगळ्यात जास्त गर्दी अनंत चतुर्दशीलाच असते ना?

विसर्जनाची सर्वांत मोठी गर्दी त्याच दिवशी. पण चोऱ्यांच्या आणि चेंगरण्याच्या दृष्टीने आगमन सोहळ्याकडे आपण फार कमी लक्ष देतो. चिंचपोकळीच्या चिंतामणीचं आगमन पाहायला जी तरुण पोरं लोटतात, ती जवळजवळ सगळी हातात फोन उंच धरून असतात. रस्ता तोच अरुंद, आणि विसर्जनाच्या दिवशी असते तशी बॅरिकेडची पूर्ण रचना तेव्हा उभी नसते.

दीड दिवसाचे, पाच दिवसांचे आणि गौरी-गणपतीचे विसर्जन हे घरगुती मूर्तींचे दिवस. तेव्हा गिरगाव, दादर, जुहू, वेसावे, मार्वे आणि पवई तलावाकडे कुटुंबं लहान मुलांना घेऊन जातात. त्या दिवसांत मुलं हरवण्याचे प्रसंग जास्त येतात (प्रश्न ८ पाहा).

३. चोर गर्दीत काम कसं करतात? इतक्या लोकांत कोणाला दिसत कसं नाही?

दिसत नाही, कारण त्या क्षणी सगळ्यांचे डोळे वर असतात. चोराला गर्दी लागते हे खरं, पण त्याहून जास्त त्याला सगळ्यांचं लक्ष एकाच जागी गेलेलं लागतं. आरती सुरू होते, मूर्ती वळण घेते, वरून पुष्पवृष्टी होते, कुणी नट दर्शनाला येतो. या चार प्रसंगी तुमचा हात खिशावरून निघतो. एक तर जोडला जातो, नाहीतर फोन घेऊन वर जातो.

एकटा माणूस क्वचितच असतो. एक जण धक्का देतो किंवा पुढे अडून उभा राहतो, दुसरा हात घालतो, आणि माल लगेच तिसऱ्याकडे जातो. तो तिसरा उलट दिशेने निघून गेलेला असतो. म्हणून तुम्ही हात घालणाऱ्याला धरलंत तरी त्याच्याकडे काही सापडत नाही, आणि मग लोकच म्हणतात, "अहो, सोडा, बिचाऱ्यावर उगाच आळ घेताय." उगाच कोणी पुन्हा पुन्हा अडखळत असेल, गुलाल नको तिथे लावत असेल, "दादा, शर्टाला काहीतरी लागलंय" म्हणत असेल, तर आधी खिशाला हात लावा आणि मग शर्टाकडे बघा.

चोर दिसायला चोरासारखा नसतो. कपाळावर टिळा असतो, डोक्याला पट्टी असते, कधी कडेवर मूलही असतं. कपड्यांवरून, भाषेवरून किंवा धर्मावरून संशय घेऊ नका. तो अन्याय तर आहेच, शिवाय खऱ्या चोराला त्याचा फायदा होतो.

दुसरी जागा रेल्वे स्टेशन. करी रोड, चिंचपोकळी, लोअर परळ, चर्नी रोड, दादर. दर्शन घेऊन दमलेला माणूस गाडीच्या दारात घुसतो तेव्हा तो कशाचंच भान ठेवत नाही.

४. मग फोन, पैसे, दागिने ठेवायचे कुठे?

मागच्या खिशात काहीच नाही. पाठीवरची सॅक पोटावर घ्या. पैसे दोन जागी ठेवा आणि परतीच्या तिकिटाचे वेगळे. सोन्याच्या बाबतीत मी काकूंचा राग ओढवून घेतो, पण सांगतोच : मंगळसूत्र घालायचंच असेल तर छोटं घाला आणि पदर पिन लावून बंद करा, बाकीचं घरी. लहान मुलांच्या गळ्यात, कानात सोनं नको.

फोनला लॉक हवाच. यूपीआयचा पिन आणि फोनचा पिन एकच ठेवू नका, आणि पिन कागदावर लिहून फोनच्या कव्हरमध्ये तर मुळीच ठेवू नका. निघण्याआधी फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून जो १५ आकडी आयएमईआय क्रमांक येतो, तो घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ही एक गोष्ट फार थोडे लोक करतात, आणि नंतर प्रत्येक टप्प्यावर तीच विचारली जाते.

५. फोन गेलाच! आता पहिल्या तासात काय करू?

शोधत फिरण्यात तास घालवू नका. सोबतच्या माणसाच्या फोनवरून आधी सिम बंद करा, मग बँकेला कळवून यूपीआय आणि कार्ड बंद करा. हा क्रम महत्त्वाचा, कारण बँकेचे संदेश त्याच सिमवर येतात. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३० ला फोन करा. ही सायबर आर्थिक फसवणुकीची मदतवाहिनी आहे आणि जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

मग पोलीस तक्रार. तक्रारीची प्रत हातात आली की केंद्र सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर आयएमईआय टाकून फोन ब्लॉक करता येतो. २०२३ पासून ही सोय देशभर आहे. ब्लॉक झालेल्या फोनमध्ये कुणी दुसरं सिम टाकलं तर त्याचा माग पोलिसांना मिळू शकतो.

६. पोलीस ठाण्यात सांगतात, "चोरी नको, 'गहाळ' असं लिहा, पटकन होईल." लिहू का?

चोरी झाली असेल तर लिहू नका. या पानावरचं हे उत्तर मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

'गहाळ' म्हणजे तुमच्याकडून हरवलं. त्याचा दाखला मिळतो, नवीन सिम घ्यायला तो पुरतो, आणि विषय तिथे संपतो. गुन्हा दाखल होत नाही म्हणजे तपासही होत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या मजल्यावरच्या एका मुलीचा फोन मिरवणुकीत गेला. धक्का देणारा तिने पाहिला होता. रात्री ठाण्यात गर्दी होती, तिला गहाळचा दाखला दिला गेला आणि ती घरी आली. पुढे तो फोन वापरात आहे असं तिला कळलं, पण गुन्हाच नोंदलेला नसल्यामुळे कोणी पाठपुरावा केला नाही. मी त्या रात्री तिच्यासोबत होतो आणि गप्प बसलो, ही खंत आजही आहे.

दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय सुरू करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली स्पष्ट केलं. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ठाणे अंमलदार ऐकत नसतील तर शांतपणे वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना भेटायचं म्हणा. तिथेही नाही झालं तर परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे लेखी अर्ज पाठवता येतो, आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

एक अपवाद नीट समजून घ्या. नव्या कायद्यात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची साधी चोरी अदखलपात्र केली आहे. म्हणजे तिथे एफआयआर नव्हे तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) होईल. म्हणून वस्तूची किंमत अंदाजाने कमी सांगू नका. फोनचं बिल असेल तर दाखवा. हिसकावून नेलं असेल, उदाहरणार्थ गळ्यातली साखळी किंवा हातातला फोन, तर तो चोरीपेक्षा वेगळा गुन्हा आहे, कलम ३०४. तो दखलपात्र आहे आणि तिथे ही ५,००० ची अट नाही. "गेला" म्हणू नका, "हिसकावला" असेल तर "हिसकावला" म्हणा.

एवढा आग्रह का, तर पुढच्या वर्षी कोणत्या कोपऱ्यावर साध्या वेशातली माणसं उभी करायची, हे नोंदलेल्या गुन्ह्यांवरून ठरतं. गहाळच्या दाखल्यांवर बंदोबस्ताचा नकाशा काढता येत नाही. ज्या नाक्यावर शंभर फोन गेले आणि पाचच गुन्हे नोंदले गेले, तो नाका कागदावर शांत दिसतो. तुमची तक्रार तुमच्या फोनसाठी आहेच, पण ती पुढच्या वर्षी त्याच वळणावर उभ्या राहणाऱ्या माणसासाठीही आहे.

७. चोरी लालबागला झाली, मी राहतो डोंबिवलीला. तक्रार कुठे द्यायची? आणि गाडीत झाली असेल तर?

कुठल्याही पोलीस ठाण्यात. याला 'झिरो एफआयआर' म्हणतात. ते ठाणं नोंद करून ती हद्दीच्या ठाण्याकडे पाठवतं. "आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर आता कायद्यात बसत नाही. ऑनलाइन माध्यमातूनही माहिती देता येते, पण तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते.

लोकलमध्ये, फलाटावर किंवा रेल्वेच्या पुलावर काही झालं तर ते लोहमार्ग पोलिसांकडे जातं. त्यांची मदतवाहिनी १५१२. स्टेशनबाहेरचा रस्ता आणि महापालिकेचा पूल शहर पोलिसांकडे. नेमकं कुठे झालं ते आठवत नसेल तर जिथे लक्षात आलं तिथे नोंदवा, हद्दीचं ते बघतील.

८. मूल गर्दीत हरवलं तर सर्वांत आधी काय करायचं?

एकाने जागेवरच थांबायचं, दुसऱ्याने पोलीस किंवा मंडळाच्या स्वयंसेवकाकडे जायचं. दोघंही धावत सुटले तर मूल परत येऊनही त्याला कोणी सापडत नाही. लगेच ११२ ला फोन करा. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८. चौपाट्यांवर पोलिसांचे नियंत्रण कक्ष असतात, तिथून ध्वनिक्षेपकावर पुकारा होतो. मोठ्या मंडळांच्या मंडपातही होतो. घरातून निघताना मुलाचा एक फोटो काढून ठेवा. त्या दिवशी अंगात कुठला शर्ट होता हे घाबरलेल्या आईला आठवत नाही, फोटोला आठवतं.

"२४ तास थांबा, मग या" असा कुठलाही नियम नाही. हरवलेल्या अल्पवयीन मुलाच्या बाबतीत अपहरण झालं असं गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाचे २०१३ चे निर्देश आहेत. 'अपहरण' शब्द ऐकून आईवडील हादरतात. हादरू नका, तो तुमच्या बाजूचा नियम आहे. त्याने तपास लगेच सुरू होतो.

मुलाच्या खिशात नाव-नंबराची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. भर पावसात साधी चिठ्ठी विरघळते. नाव मोठ्या अक्षरात शर्टावर लिहू नका, कारण अनोळखी माणूस नावाने हाक मारू शकतो. हीच चिठ्ठी विसरभोळ्या झालेल्या आजी-आजोबांच्या खिशातही हवी.

९. गर्दीचा फायदा घेऊन अंगाला हात लावणाऱ्याविरुद्ध खरंच काही होतं का? पुरावा तर नसतो.

होतं. तुमचं सांगणं हाच पहिला पुरावा. विनयभंगाच्या इराद्याने बळाचा वापर करणं, कलम ७४, हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे आणि त्याला किमान एक वर्ष, जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा आहे. पाठलाग, अश्लील हावभाव, चोरून चित्रीकरण यांची कलमं वेगळी आहेत. पीडित अठरा वर्षांखालील असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागतो आणि मुलगा असो वा मुलगी, तो दोघांना लागू आहे.

त्या क्षणी मोठ्याने बोला. "हात काढ!" एवढंच, पण मोठ्याने. आजूबाजूच्या बायका वळतात, तो थबकतो, आणि साध्या वेशातलं कोणी असेल तर त्यालाही कळतं. मुंबई पोलिसांची महिला मदतवाहिनी १०३ आणि ११२ दोन्ही चालू असतात. पोलीस ठाण्यांत निर्भया पथकं आहेत. तक्रार महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची आहे. वेळ आणि जागा लक्षात ठेवा, कारण त्यावरूनच सीसीटीव्हीचं चित्रीकरण काढलं जातं. चित्रीकरण कायम राहत नाही, म्हणून "गणपती झाले की बघू" म्हणू नका.

मंडळाच्या पोरांना एक सांगणं : दोराच्या आत येऊ पाहणाऱ्या मुलीला ढकलताना कुठे हात लागतो याचं भान तुम्हालाही हवं. स्त्रियांच्या बाजूला मुली स्वयंसेवक ठेवा.

१०. चोराला लोकांनीच पकडलं आणि चोप दिला, त्यात काय चुकलं?

पकडणं बरोबर. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार, डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कुणीही नागरिक धरू शकतो. पण विनाविलंब, आणि कुठल्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचं.

मारणं हा गुन्हा आहे, आणि तो तुमच्यावर नोंदला जातो. माणूस जखमी झाला की पोलिसांना आधी त्याला केईएम किंवा नायरला न्यावं लागतं. पंचनामा राहतो, माल घेऊन गेलेला तिसरा माणूस पसार होतो (प्रश्न ३), आणि खटल्यात त्याचा वकील पहिला प्रश्न मारहाणीचाच विचारतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गर्दीत धरलेला माणूस प्रत्येक वेळी चोरच असतो असं नाही. बाप्पाच्या मंडपासमोर निरपराध माणसाचं डोकं फुटलेलं मी पाहिलं आहे.

११. गर्दी 'धोकादायक' झाली हे आतून कसं ओळखायचं?

आतल्या माणसाला सगळ्यांत उशिरा कळतं, म्हणून खुणा माहीत हव्यात. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असली की चालता येतं. पाचच्या पुढे पाय टाकायला जागा शोधावी लागते. सहा-सातच्या पुढे गर्दी पाण्यासारखी वागू लागते, तुम्ही चालत नाही, वाहवत जाता. दोन्ही बाजूंनी खांदे घट्ट लागले आणि न ढकलता लाट आल्यासारखं अंग हललं, तर ती शेवटची सूचना समजा.

अशा वेळी उलट्या दिशेने जोर लावू नका. लाट थांबली की प्रत्येक वेळी एक-दोन पावलं तिरकं, कडेकडे सरका. हात छातीसमोर कोपरातून वाकवून ठेवा म्हणजे श्वासापुरती जागा राहते. चेंगराचेंगरीत माणसं बहुतेक तुडवली जाऊन नव्हे, तर उभ्या उभ्या गुदमरून जातात. खाली पडलेली चप्पल, फोन उचलायला वाकू नका. मूल असेल तर पाठीवर नको, समोर छातीशी, वर धरा.

२९ सप्टेंबर २०१७ ला, नवरात्रात, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ माणसं गेली. तिथे मिरवणूक नव्हती, देव नव्हता, रोजची सकाळची गर्दी होती. पाऊस आला, लोक जिन्यावर थांबले, मागून गाड्यांची माणसं येत राहिली. परळची माणसं तो दिवस विसरलेली नाहीत. म्हणून आमच्या मंडळाचा पक्का नियम आहे : जिना, पूल, गल्लीचं तोंड इथे पाऊस असो वा दर्शन, कोणालाही उभं राहू द्यायचं नाही. आणि पोलीस "पुढे चला, थांबू नका" म्हणून ओरडतात तेव्हा त्यांचा राग धरू नका.

१२. पुलावरून मिरवणूक नेताना नाचायला का देत नाहीत?

चिंचपोकळी, करी रोड, भायखळा, ग्रँट रोड या भागांतले रेल्वेवरचे अनेक पूल ब्रिटिशकालीन आहेत. महापालिका दरवर्षी धोकादायक पुलांची यादी जाहीर करते. एका तालावर शेकडो माणसं नाचली की पुलावर येणारा भार उभ्या माणसांच्या भारापेक्षा वेगळा असतो. पुलावर ढोल बंद, पावलं भराभर. खाली उतरल्यावर हवं तेवढं नाचा.

१३. आमचं मंडळ छोटं आहे. बंदोबस्ताच्या बाबतीत आमची जबाबदारी किती?

पोलीस तुमच्या मंडपात दहा दिवस चोवीस तास उभे राहू शकत नाहीत. रात्री मूर्तीपाशी जागं कोण राहणार, याची पाळी लिहून लावा आणि त्या माणसाला झोपू देऊ नका. दानपेटी रोज दोन-तीन जणांसमोर मोजून बँकेत भरा. मंडपात सीसीटीव्ही लावाल तर एक कॅमेरा मूर्तीकडे आणि दुसरा लोकांच्या चेहऱ्यांकडे हवा. बहुतेक मंडळं दोन्ही मूर्तीकडेच लावतात. आत जायची आणि बाहेर पडायची वाट वेगळी हवी. अग्निशमन दलाचा बंब आणि रुग्णवाहिका येईल एवढा रस्ता हवाच, भले मंडपाची शोभा थोडी कमी होईल.

महापालिकेच्या परवानगीबरोबर स्थानिक पोलीस, वाहतूक पोलीस आणि अग्निशमन दल यांचं ना-हरकत लागतं. विजेची जोडणी अधिकृत घ्या, आणि मूर्तीच्या उंचीला मार्गावरच्या तारा आड येतात का हे दिवसाउजेडी चालत जाऊन बघा.

१४. वर्गणीसाठी जबरदस्ती होते. नाही म्हटलं तर दुकानाला त्रास देतात. काय करू?

वर्गणी ऐच्छिकच असते. उत्सवासाठी वर्गणी गोळा करायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. ती दाखवायला सांगा, पावती मागा. धमकी दिली तर ती वर्गणी राहत नाही, खंडणी होते, आणि तिचा गुन्हा कलम ३०८ खाली दाखल होतो. ११२ ला फोन करा. नाव उघड होण्याची भीती वाटत असेल तर एकट्याने न जाता गल्लीतल्या चार दुकानदारांनी मिळून लेखी द्या.

१५. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालूच असतो. तक्रार केली तर 'धर्मविरोधी' म्हणतात.

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत आणि सगळ्या सणांना सारखे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं आणि त्यात गणपतीचे काही दिवस असतात. कुठले, ते दरवर्षी जाहीर होतं. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीचे १०० मीटर हे शांतता क्षेत्र. तक्रार ११२ वर द्या. केईएम, टाटा, वाडिया इथले रुग्ण आपलेच आहेत, हे मंडळांनी स्वतःहून ओळखावं अशी माझी कळकळीची विनंती.

१६. माझ्या भावाला सणाआधी पोलिसांची नोटीस आली. त्याला अटक होणार का?

नोटीस कोणती ते पाहा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस म्हणजे प्रतिबंधात्मक ताकीद. पूर्वी हीच १४९ ची म्हणत. ती शिक्षा नाही आणि गुन्ह्याची नोंदही नाही. सही करून प्रत जपून ठेवा. 'चॅप्टर केस' म्हणजे शांतता राखीन असा मुचलका लिहून घेण्याची कारवाई, त्यात सहायक पोलीस आयुक्तांसमोर हजर व्हावं लागतं. न गेल्यास अडचण वाढते.

तडीपारी मात्र गंभीर. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ५५ ते ५७ कलमांखाली दोन वर्षांपर्यंत हद्दपार करता येतं. आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते आणि आदेशाविरुद्ध ३० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. तडीपार माणूस "फक्त दर्शनाला आलो" म्हणून हद्दीत सापडला तरी तो गुन्हा होतो. दर्शनासाठी आधी लेखी परवानगी मागा.

१७. गणपती आणि ईद एकाच सुमारास आल्या तर तणाव वाढतो का?

वाढू शकतो, म्हणूनच महिनाभर आधी शांतता समितीच्या बैठका होतात. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. त्यांच्या बैठकांत मिरवणुकीचा रस्ता, वेळ आणि मशिदीसमोरचा ताल यांची चर्चा चहा घेत होते. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी आपला जुलूस दुसऱ्या दिवशी, २९ ला काढला. २०२४ आणि २०२५ मध्येही जुलूस पुढे नेला गेला. हे पोलिसांनी लादलेलं नव्हतं, लोकांनी बसून ठरवलं. सलग तीन वर्षं शेजाऱ्यांनी दिलेली ही जागा मंडळांनी लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

१८. बॉम्बचा मेसेज आला तर पुढे पाठवू का? लोक सावध तरी होतील.

पाठवू नका. गर्दीत स्फोटापेक्षा अफवेने जास्त माणसं पळतात. २०२५ च्या अनंत चतुर्दशीआधी वाहतूक पोलिसांच्या व्हॉट्सॲपवर आरडीएक्स भरलेल्या गाड्यांची धमकी आली होती. ती खोटी निघाली आणि पाठवणाऱ्याला नोएडातून पकडलं. पण तोवर तो मेसेज किती घरांत पोचला होता! मेसेज आला तर ११२ ला कळवा आणि स्वतःपाशी थांबवा. बेवारस पिशवी दिसली तर हात न लावता लोकांना शांतपणे मागे घ्या, पोलिसांना सांगा, "बॉम्ब" असं ओरडू नका.

१९. ड्रोनने मिरवणूक चित्रित करायची आहे.

परवानगीशिवाय नाही. गर्दीवर पडला तर इजा होते, आणि पोलिसांच्या ड्रोनला अडथळा होतो.

२०. दहीहंडीला वय आणि उंचीचा नियम नेमका काय आहे? दरवर्षी वेगळं ऐकतो.

गोंधळ खरा आहे. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने २० फूट उंची आणि १८ वर्षं वयाची मर्यादा घातली. पुढे २०१७ साली उंचीचा निर्णय राज्य सरकारवर सोडला गेला, आणि १४ वर्षांखालील मुलांना थरांत घेणार नाही अशी हमी सरकारने दिली. म्हणजे आज १४ वर्षांखालच्या मुलाला वरच्या थरावर चढवणं नियमबाह्य आहे, मग ते कितीही हलकं आणि चपळ असो. त्या दिवशी पोलिसांचा मोठा वेळ हेल्मेटशिवाय तिघं बसलेल्या दुचाकी अडवण्यात जातो. ट्रकच्या टपावर बसणाऱ्या पथकांनी चोऱ्यांपेक्षा या गोष्टीची काळजी जास्त करावी.

२१. पोलिसानेच विनाकारण काठी मारली किंवा शिवी दिली तर?

त्याच्या छातीवरची नावाची पट्टी बघा, वेळ-जागा लिहा, वैद्यकीय तपासणी करून घ्या आणि परिमंडळाच्या उपायुक्तांकडे लेखी द्या. सार्वजनिक रस्त्यावर व्हिडिओ काढायला मनाई नाही, पण त्यांच्या कामात आडवं येऊ नका. जागेवर हुज्जत घालून दोराची रांग मोडू नका, तुमच्या मागे हजार माणसं उभी असतात.

२२. बंदोबस्तावरच्या पोलिसांना पाणी, जेवण दिलं तर चालतं का? लाच तर होत नाही ना?

पाण्याची बाटली, वडापाव, चहा दिल्याने काही बिघडत नाही. बंदोबस्ताच्या दिवसांत आठ तासांची ड्युटी राहत नाही, रजा रद्द होतात, आणि लालबागच्या राजाची मिरवणूक वीस तासांच्या पुढे गेली की सकाळी उभा राहिलेला हवालदार दुसऱ्या सकाळीही चौपाटीवरच असतो. सगळ्यांत जास्त अडचण महिला पोलिसांची होते, कारण स्वच्छतागृह नसतं. मंडळाच्या शेजारच्या इमारतीतलं एक स्वच्छतागृह त्या रात्री उघडं ठेवा आणि बाहेर पाटी लावा. आम्ही गेली काही वर्षं तळमजल्यावरच्या दोन घरांशी बोलून हे करतो. पाटीवर बाण काढतो, आणि दिवा रात्रभर चालू ठेवतो.